कास्कावेलची झाकरी

गणपतीच्या सरावात ढोलकी दुसऱ्यांदा उतरली तसा वाजवणारा पोरगा उठला, अंगणाच्या कोपऱ्यात उसाच्या पाचटाचा जाळ केला आणि हातभर लांबून ढोलकी त्यावर फिरवू लागला. शाई तडकेल म्हणून माझाच जीव खालीवर. तो मात्र निवांत. मॉरिशसच्या सेगा नाचातलं रावान, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफासारखं वाद्य, वाजवण्याआधी असंच शेकतात, आणि याचा हात त्यावरच बसलेला. पावसाळ्यात आमच्या संगमेश्वराकडे मृदंग चुलीशी धरतात, ते त्याला सांगितलं. त्याला पावसाचंच नवल वाटलं. गणपतीत पाऊस?

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं कास्कावेल हे जुनं मराठी वस्तीचं गाव. भाद्रपदात इथे हिवाळा सरत आलेला, कोरडा वारा, उसाची तोडणी चालू. 1834 पासून करारावर मजूर आणले गेले ते या उसासाठीच. बहुतेक बिहारकडचे, त्यात मुंबईहून बोटीत चढलेले रत्नागिरीकडचेही. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून मळ्यात गेलेली ही कोकणातली माणसं बरोबर आपला नाच, जाखडी, घेऊन आली. तिची इथे झाकरी झाली. 'ड' बहुधा बोटीतच राहिला.

ढोलकी चढली. गाणारे मधे बसले, भोवती दहा-बारा पोरांचं रिंगण. गाणं मराठी, पण फोनवर रोमन अक्षरांत लिहिलेलं. मराठी हा विषय शाळेत शिकूनही घाईत तेच सोपं पडतं. शिकवणारे काका ओरडतात ते क्रिओलमध्ये: "लिप्ये द्र्वात! दुसमां!" उजवा पाय, हळू. मग पोरं कमरेत वाकतात, टाच आपटून अर्धी गिरकी घेतात, आणि त्या गिरकीत मला आमच्या वाडीतला बाल्या नाच, म्हणजे जाखडीच, जसाच्या तसा दिसतो. शब्दांचा अर्थ विचारला तर निम्मे खांदे उडवतात. गिरकी मात्र एकाचीही चुकत नाही.

माझी चुकली. आग्रहाने रिंगणात घेतलं आणि तिसऱ्याच फेरीला मी शेजारच्यावर आपटलो. आमच्याकडे ही चाल इतकी संथ नसते, अशी सबब मी सांगून पाहिली. काकांनी ती ऐकूनच घेतली नाही.

इथले बरेच गणपती दीड दिवसाचे, कोकणासारखेच. सरकारी सुट्टीही त्याच हिशेबाने: 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती, सुट्टी 28 ला. आपल्याकडे सुट्टी बाप्पा येतात त्या दिवशी, इथे ते जातात त्या दिवशी. खरी झाकरी विसर्जनाच्या वाटेवरच रंगते, म्हणून मला ही सुट्टी जास्त शहाणी वाटते.

सराव संपला. काकांनी चाळ गोळा करून मांडीवर घेतले आणि पितळी घुंगरं एकेक करून मोजू लागले. एन, दे, त्र्वा, कात... एक कमी भरलं. पणजोबांच्या काळापासूनचे चाळ आहेत म्हणे. काही न बोलता सगळी पोरं फोनचे दिवे लावून अंगणात वाकली.