जिवाई

आमच्या किनवट भागात जमिनीच्या वाटण्या झाल्या की म्हातारा-म्हातारीसाठी एक-दोन एकर बाजूला काढून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिला जिवाई म्हणतात. पोरांनी सांभाळले तर उत्तमच. नाही सांभाळले तर तेवढ्या तुकड्याच्या बटईवर दोन जिवांचे भागते. ही रीत पाडणाऱ्याला जमिनीची पारख होती आणि पोटच्या पोरांचीही.

मी ५७ वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी सरकारी नियमाने नोकरी संपेल. बीजप्रक्रिया आणि बोंडअळी सांगत इतकी वर्षे तुमच्या बांधावर हिंडलो. आज पिकाचे सांगत नाही. जिवाई नुसती जमिनीची नसते, कामाचीही असते, एवढेच सांगायचे आहे.

माझे वडील अण्णा ८४ वर्षांचे आहेत, गावी थोरल्या भावाजवळ राहतात. जन्मभर पहाटे चारला उठून बैलांना कडबा टाकायची त्यांची सवय. तीन वर्षांपूर्वी भावाने बैलजोडी विकली आणि भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरट सुरू केली. सालगडी मिळत नाही, कडबा परवडत नाही, तेव्हा हिशेब बरोबरच होता. पण दावण रिकामी झाली तरी अण्णा चारलाच उठत, गोठ्यात एक चक्कर मारीत आणि परत येऊन बाजेवर बसत. पुढे उठणेही थांबले. दोन भाकरींची अर्धी झाली. दवाखान्यात रक्त-लघवी तपासली, काही निघाले नाही. सगळे म्हणायचे, वयच झाले आता, बसू द्या.

वहिनीने मात्र माहेरून दोन शेळ्या आणल्या. सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, माझ्याच्यानं सगळं व्हत नाही. पाला तेवढा तुमी आणत जा." अण्णा आठ दिवस कुरकुरले. बैलाचा धनी, शेळ्या काय राखायच्या! मग एक दिवस विळा घेऊन बांधावर गेले. आता रोज जातात. पहिला बोकड विकला तेव्हा पैसे कोणाच्या हातात न देता त्यांनी स्वतःच्या कनवटीला लावले. वहिनी काही बोलली नाही. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट झाली आहे, तेव्हा मन झाले की माहूरला देवीच्या दर्शनालाही एकटेच जाऊन येतात.

यात चमत्कार काही नाही. वय वाढते तसे अंगातले स्नायू झडत जातात, आणि वापर थांबला की फार लवकर झडतात. उठबस, चालणे, चार शेर ओझे उचलणे, यानेच ते टिकतात. मायेपोटी बसवून ठेवलेला म्हातारा लवकर अंथरूण धरतो, हे मी गावोगाव पाहिले आहे. झेपेल तेवढेच काम द्या, पण ते त्याचेच असू द्या. मध्येच कोणी 'राहू द्या, मी करतो' म्हणू नये.

म्हाताऱ्या बायांना मात्र 'तुम्ही बसा' कोणी म्हणत नाही. पासष्टीची बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचते आणि घरी येऊन चुलीपुढे बसते. तिचे वाकून करायचे काम आधी कमी करा. भोपळा, दोडका, वाल यांचे बी कोणते धरायचे आणि राखेत कसे ठेवायचे, ते तिच्याइतके कोणाला कळते? ते काम तिच्याकडे ठेवा आणि नातीला तिच्याजवळ बसवा.

आणखी एक. वय झाले की तहान कळेनाशी होते. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. म्हाताऱ्या माणसाला 'पाणी पाहिजे का' असे विचारू नका. तांब्या भरून हातात द्या.

अण्णांच्या पिढीच्या काही सवयींना नातवंडे हसतात. शिळी भाकरी टाकू देत नाहीत, सुतळीचा तुकडासुद्धा खुंटीला अडकवून ठेवतात. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडली आणि परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, त्यांचे हात असेच वळतात. पोरांना हे सांगितले पाहिजे.

आता जमिनीचे. सगळा सातबारा मुलांच्या नावे करण्याची घाई करू नका. जिवाई स्वतःच्या नावे राखा. देणारच असाल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने अशी अट मोडल्यास ते देणे रद्द करून मागता येते, निर्वाहासाठी रक्कमही मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. पोरे चांगली असली तरी कागद करावा. चांगल्या पोरांना कागदाचे वाईट वाटत नाही, आणि वाटले तर ते आधीच कळलेले बरे.

माझ्या वाटणीला आलेला तुकडा लहानच आहे. नोकरी संपल्यावर गावी जायचे मी ठरवले, तेव्हा आमच्या घरून एकच अट आली: "मी येते, पण कापूस वेचायला जाणार नाही." गुडघे तिचेही दुखतात. तेव्हा त्या तुकड्यात कापूस लावायचाच नाही, ज्वारी आणि तूर घ्यायची असे ठरले आहे. शेळ्यांचे अजून ठरायचे आहे.