पाळलेल्या टॅरँटुलाचे आजारपण

अमेरिकेत आणि युरोपात हौसेने पाळल्या जाणाऱ्या टॅरँटुला कुलातील मोठ्या केसाळ कोळ्यांमध्ये चिली देशातून आलेली, ‘चिलियन रोझ’ नावाने ओळखली जाणारी जात फार लोकप्रिय आहे. आणि त्या जातीच्या मादीने, चांगली धडधाकट असताना, एके दिवशी समोर सोडलेल्या रातकिड्याकडे पाठ फिरवावी आणि त्यानंतर कित्येक महिने अन्नाला स्पर्शही करू नये, हा तिच्या स्वभावाचाच भाग असल्यामुळे, नवशिक्या पाळणाऱ्याची झोप उडविणारा पहिला प्रसंग बहुधा हाच असतो. अशा वेळी तिच्या पोटाकडे पाहावे. ते गोल आणि भरलेले असेल, आणि चालताना आठही पाय सहज उचलले जात असतील, तर हा उपवास आजार नव्हे. याउलट पोट दिवसेंदिवस सुकत जाऊन त्याला सुरकुत्या पडू लागल्या, तर मात्र स्वस्थ बसणे योग्य ठरणार नाही.

या प्राण्याच्या देहरचनेतील एक गोष्ट नीट समजून घेतली, तर त्याच्या दुखण्यांचा पुष्कळसा उलगडा होतो. पाय आत वाकविण्यासाठी त्याला स्नायू आहेत, परंतु पायाच्या दोन मुख्य सांध्यांत तो ताणून सरळ करण्यासाठी स्नायूच नाहीत. ते काम शरीरातील द्रवरक्त आपल्या दाबाने करते. म्हणून अंगातील पाणी आटले, जखमेतून रक्त वाहून गेले अथवा एकंदर प्राणशक्तीच क्षीण झाली, की तो दाब उतरतो आणि सगळे पाय मिटत्या मुठीप्रमाणे आत वळून अंगाखाली गोळा होतात. पाळणाऱ्यांच्या बोलीत याला ‘डेथ कर्ल’ म्हणतात. हे नाव ऐकून आशा सोडण्याचे मात्र कारण नाही, कारण मूळ केवळ पाण्याच्या अभावात असेल, तर इलाज हाताशी असतो. उथळ थाळीत पाणी घेऊन कोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे विषदंतांच्या मुळाशी असलेले तोंड, त्यात अलगद टेकवावे. पोट मात्र कोरडे राहील अशी खबरदारी घ्यावी, कारण त्याची श्वसनेंद्रिये पोटाच्या खालच्या बाजूला असतात. पाण्याने गुण येणार असेल, तर काही तासांतच पाय हळूहळू मोकळे होताना दिसतात.

या मरणकळेशी ज्याची सर्वाधिक गल्लत होते, तो प्रसंग खरे पाहता आरोग्याचा आहे. कोळी वाढतो तो कात टाकून. कित्येक दिवस आधी तो अन्न नाकारतो, सुस्त होतो. अमेरिका खंडातील ज्या जातींच्या पोटावर केस झडून टक्कल पडलेले असते, तेथील कातडी खाली उगवलेल्या नव्या केसांमुळे काळवंडते. मग तो रेशमाची एक चटई विणतो आणि तिच्यावर उताणा पडून निश्चल राहतो. प्रथम पाठीची ढाल कडेने सुटते, नंतर विषदंत आणि पाय जुन्या आवरणातून एकेक करून, थांबत थांबत ओढून काढले जातात, आणि त्यांच्याबरोबर जठराचे व श्वसनेंद्रियांचे आतले अस्तरसुद्धा बदलले जाते. या तासांत ज्याने धास्तावून कोळ्याला पालथे केले, त्याने नकळत त्याच्या प्राणावरच घाला घातला. उताणा कोळी बहुधा कात टाकीत असतो. मरणोन्मुख कोळी बहुधा पालथाच, पाय अंगाखाली ओढून घेतलेला आढळतो. एवढे तारतम्य पुष्कळ जीव वाचवील, असे मला निश्चितपणे वाटते. काम संपल्यावर विषदंत आधी पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. ते काळे होईपर्यंत पेटीत भक्ष्य सोडू नये, कारण मऊ अंगाच्या कोळ्याला भुकेला रातकिडाही कुरतडून खातो. पाय जुन्या कातीत अडकून राहिलाच, तर मऊ कुंचल्याने सांध्यावर थोडे थोडे पाणी लावावे. आणि अगदीच नाइलाज होऊन तो पाय गमवावा लागला, तरी पुढील कातींबरोबर नवा पाय फुटतो.

पडण्याची जखम याहून भयंकर. जमिनीवर राहणाऱ्या जातींचे जड पोट थोड्याशा उंचीवरून आपटले तरी फुटते, आणि म्हणून कोळी हातावर खेळविण्याची हौस मला तरी सर्वथा त्याज्य वाटते. जखम लहान असून फिकट निळसर रक्त झिरपत असेल, तर मक्याचे बारीक पीठ दाबून अथवा झटपट वाळणाऱ्या गोंदाचा सूक्ष्म थेंब ठेवून ते थांबविता येते.

ज्या रोगावर मात्र अद्याप खात्रीचा इलाज नाही, तो सूत्रकृमींचा. लागण झालेला कोळी खाणे सोडतो, तोंडाभोवती व विषदंतांच्या मधल्या फटीत पांढुरका, चिकट स्राव दिसू लागतो, पुढच्या दोन उपांगांवरचा ताबा सुटतो, आणि अखेरीस, अनेकदा कित्येक आठवड्यांनी, त्याची उपासमारीने अखेर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत अॅडलर डिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील एका टॅरँटुला-संवर्धकाच्या मेलेल्या कोळ्यांतून अशाच एका कृमीचा शोध घेतला, आणि २०२२ साली त्याचे वर्णन ‘टॅरँटोबेलस जेफडॅनियल्सी’ या नावाने प्रसिद्ध झाले. १९९० सालच्या ‘अॅरॅक्नोफोबिया’ या चित्रपटातील नट जेफ डॅनियल्स यांच्यावरून हे नाव दिलेले आहे. संशय येताच त्या कोळ्याची पेटी इतरांपासून दूर खोलीत हलवावी, त्याचे चिमटे व पाण्याची थाळी वेगळी ठेवावी, पेटीत बारीक माश्या होऊ देऊ नयेत, आणि नव्याने आणलेला प्रत्येक कोळी काही आठवडे विलग ठेवूनच जुन्यांच्या शेजारी ठेवावा. हा बंदोबस्त हाच तूर्त खरा उपाय आहे.

झटके देत, अडखळत, पाय भलतीकडे टाकीत चालणाऱ्या कोळ्याचे दुखणे आणखी गूढ. त्यामागे कीटकनाशकाचा संशय घेतला जातो. म्हणून त्या घरात झुरळांवरची फवारणी तहकूब करावी, आणि शेतातून पकडलेले कीटक त्याला खाऊ घालू नयेत.

नराची गोष्ट निराळी आहे. अनेक जातींच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात, परंतु नर शेवटची कात टाकून प्रौढ झाला, की त्याचे आयुष्य बहुधा काही महिन्यांचे, फार तर एक-दोन वर्षांचे उरते. त्या मुदतीत तो अन्नावरची वासना गमावून कृश होत गेला, तर त्याला औषधोपचारांनी छळू नये. पाणी आणि शांतता एवढीच त्याची गरज असते.

शुश्रूषा करणाऱ्यानेही स्वतःस जपले पाहिजे. अमेरिकेतील अनेक जातींचे पोटावरचे दाहक केस डोळ्यांत गेले, तर दीर्घकाळ टिकणारी इजा होते. आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या, आणि परदेशी संग्राहकांनाही प्रिय असलेल्या पोसिलोथेरिया वंशाला असे केस नाहीत, पण त्याच्या दंशाने स्नायूंना तीव्र वेदना व पेटके येतात. शिवाय २०१९ पासून या वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे, त्यामुळे रानातून त्याला उचलून आणण्याचा विचारही करू नये. आजारी कोळ्याला शक्यतो लांब चिमट्याने वा कुंचल्याने हळूच पुढे सरकवून झाकणाच्या डबीत घ्यावे, आणि विदेशी प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य मिळत असेल, तर त्याच्याकडे न्यावे. तो भूल देणारा वायू देऊन त्याची निर्धोक तपासणी करू शकतो. जाताना शेवटची कात कधी पडली, शेवटचे भक्ष्य कधी व कोणते घेतले, आणि पेटीतील उष्णता किती होती, यांच्या तारखांसह केलेल्या नोंदी बरोबर न्याव्यात.