‘रेन इन ब्लड’: पंकने शिकवलेली काटछाट

स्लेअर या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘रेन इन ब्लड’ हा अल्बम ऑक्टोबर १९८६ मध्ये आला. गाणी दहा, एकूण वेळ जेमतेम २९ मिनिटं. कॅसेटच्या एका बाजूवर तो अख्खा मावायचा, म्हणून दुसऱ्या बाजूवरही तोच पुन्हा भरलेला असायचा. या अल्बमचा विषय निघाला की बहुतेक जण त्याच्या वेगाबद्दल बोलतात. वेग आहेच, आणि तो थक्क करणारा आहे. पण वेगवान मेटल त्याआधीही होतं. मला या अल्बमचं मोठेपण दिसतं ते त्यात जे गाळलंय त्यात, आणि गाळण्याचं हे धाडस स्लेअरकडे पंकमधून आलं.

हे पटण्यासाठी दोन्ही घराण्यांची चाल माहीत हवी. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने १९७० मध्ये ज्या संगीताची पायाभरणी केली, त्यात जड गिटार, लांबलचक सोलो आणि टप्प्याटप्प्याने उलगडणारी गाणी यांना मान होता. न्यूयॉर्कच्या रामोन्सनी आणि लंडनच्या सेक्स पिस्टल्सनी पुढे हे सगळं ओझं झुगारलं: मोजके कॉर्ड, दोन-तीन मिनिटांचं गाणं, वादनाचं प्रदर्शन नाही. कॅलिफोर्नियात याच पंकचं आणखी कडवं रूप, हार्डकोअर, तयार झालं. तिथल्या सर्कल जर्क्सचा १९८० मधला पहिला अल्बम चौदा गाणी सुमारे पंधरा मिनिटांत संपवतो. स्लेअर त्याच भागातला, लॉस एंजलिसजवळचा बँड. त्याचा गिटारवादक जेफ हॅनेमन या हार्डकोअरच्या नादाला लागला आणि आपल्या साथीदारांनाही त्याने ते ऐकायला लावलं. ‘रेन इन ब्लड’मधल्या बहुतेक गाण्यांच्या संगीतावर त्याचं नाव आहे.

स्लेअरचाच आधीच्या वर्षीचा ‘हेल अवेट्स’ शेजारी ठेवून ऐकला की फरक स्पष्ट होतो. तिथे सात गाण्यांना सुमारे ३७ मिनिटं लागतात, आवाजावर घुमाऱ्याचा दाट थर आहे आणि शीर्षकगीत लांब प्रस्तावनेनंतरच वेग पकडतं. ‘रेन इन ब्लड’मध्ये पहिलं आणि शेवटचं गाणं सोडलं, तर मधली आठही साडेतीन मिनिटांच्या आत संपतात, एक तर दोन मिनिटांनाही पोचत नाही. घुमारा जवळपास नाहीसा झाला, त्यामुळे डेव्ह लोम्बार्डोच्या ड्रमचा प्रत्येक ठोका कोरडा आणि वेगळा ऐकू येतो. याचं श्रेय निर्माता रिक रुबिनला द्यावं, असा आक्षेप येऊ शकतो. द्यावंच, इतक्या वेगात घुमारा राहिला असता तर सगळा चिखल झाला असता. पण हिप-हॉपसाठी ओळखला जाणारा हा रुबिन मुळात न्यूयॉर्कच्या पंक बँडमध्ये वाजवलेला माणूस. म्हणजे आक्षेपाची वाटही शेवटी पंकपाशीच पोचते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘एंजल ऑफ डेथ’ आणि ‘रेनिंग ब्लड’ ही या अल्बमची सर्वांत गाजलेली गाणी, आणि नेमकी तीच लांब, अनेक भागांची, अस्सल मेटलच्या बांधणीची आहेत. लोम्बार्डो दोन्ही पायांनी बास ड्रमवर जे करतो, ते केवळ उत्साहाच्या बळावर जमत नाही. हे सगळं मान्य. तरीही ‘रेनिंग ब्लड’चा परिणाम आधीच्या आठ तुटक, श्वास घेऊ न देणाऱ्या गाण्यांवर उभा आहे. त्यांनी कान इतके ताणून ठेवलेले असतात की त्याची संथ, भयाण सुरुवात अंगावर येते. ते गाणं एकटं ऐकणाऱ्याला निम्माच अनुभव मिळतो, असं मी ठामपणे म्हणेन.

शब्दांचा प्रश्न मात्र सहज सुटणारा नाही. ‘एंजल ऑफ डेथ’ ऑश्विट्झ छळछावणीतल्या नाझी डॉक्टर योझेफ मेंगेलेच्या क्रौर्याचं वर्णन करतं आणि निषेधाचं एक वाक्यही उच्चारत नाही. या गाण्यामुळे आणि मुखपृष्ठामुळे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बमचं वितरण नाकारलं. ते पुढे गेफेन या दुसऱ्या कंपनीने केलं. मेंगेले दुष्ट होता हे वेगळं सांगायला हवं का, अशी हॅनेमनची भूमिका होती. हेतूबद्दल मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. तरी छळछावणीतून वाचलेल्यांना या मौनाचा त्रास झाला असेल, तर ती तक्रार हळवेपणाची म्हणून मोडीत काढता येणार नाही. काटछाटीची किंमत इथे दिसते: संगीतातला फाफटपसारा काढणं वेगळं, आणि अशा विषयातून लेखकाने स्वतःलाच काढून घेणं वेगळं.

१९९६ मध्ये स्लेअरने ‘अनडिस्प्युटेड ॲटिट्यूड’ काढला. त्यात मायनर थ्रेट, डी.आर.आय. अशा हार्डकोअर बँडची गाणी उघडपणे घेतली होती. प्रेम खरं होतं, वादन चोख होतं. पण अल्बम ‘रेन इन ब्लड’च्या आसपासही पोचत नाही. तिथे पंक जसाच्या तसा वाजवला आहे, आणि ज्याच्यावर कात्री चालवायची ते मेटलचं भारदस्त कापडच हाती नाही.