लँड फोडणारा डेक: समज आणि वस्तुस्थिती

रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये आला, तेव्हा पहिल्याच संचात 'स्टोन रेन', 'सिंकहोल' आणि 'आर्मागेडन' ही लँड फोडणारी पानं होती. लँडमधून माना, म्हणजे जादूची ऊर्जा मिळते. ती नसेल तर हातातली चांगली चांगली पानंही खेळता येत नाहीत. आणि लँड एका पाळीत एकच मांडता येते. त्यामुळे लँड फोडणाऱ्या डेकचा अनेकांना राग येतो, आणि रागातून गैरसमज पसरतात.

'लँड फोडत राहिलं की आपण जिंकलो', हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा समज. ६० पानांच्या डेकमध्ये २४ लँड असतील, तर समोरच्याला सरासरी पाच पानांमागे दोन लँड मिळत राहतात. 'स्टोन रेन'मध्ये तुमचं एक पान जातं आणि त्याची एक लँड जाते. पानांचा हिशेब बरोबरीतच सुटतो. हाती लागतो तो वेळ. तेवढ्या वेळात त्याचे २० लाइफ संपवणारं काही तुमच्याकडे नसेल, तर तो सावरतो आणि तुम्ही रिकाम्या हाताने बसता. नव्वदच्या दशकातल्या 'अर्नमगेडन' डेकने हे नेमकं ओळखलं होतं. आधी ४/५ ताकदीचा 'अर्नम जिन' उतरवायचा, मग 'आर्मागेडन' खेळायचं. लँड दोघांच्याही जातात, पण पटावर जिन एकाचाच उरतो. त्याला कुणी अडवलं नाही, तर पाच हल्ल्यांत खेळ खलास.

म्हणूनच 'दोघांचं सारखंच नुकसान' हेही खरं नाही. 'विंटर ऑर्ब' पटावर उभं असेपर्यंत कुणालाही पाळीच्या सुरुवातीला मानासाठी आडव्या केलेल्या लँडपैकी एकाहून जास्त मोकळी करता येत नाही. पण समोरच्याची पाळी संपता संपता 'आयसी मॅनिप्युलेटर'ने तेच ऑर्ब आडवं केलं, की आपल्या सगळ्या लँड मोकळ्या होतात.

लँड कधी फोडायची, यालाही फार महत्त्व आहे. सुरुवात तुमची असेल, पहिल्या पाळीत 'लानोवार एल्व्ह्ज' आणि दुसऱ्या पाळीत 'स्टोन रेन' पडलं, तर समोरच्याकडे एकही लँड उरत नाही. तेच पान सातव्या पाळीत आलं तर जवळजवळ वाया. 'ब्लड मून' मात्र काहीच फोडत नाही. ते बेसिक (एकाच रंगाचा माना देणारी मूळ लँड) नसलेल्या सगळ्या लँडना माउंटन करून टाकतं, त्यामुळे लाल सोडून बाकीच्या रंगांचा माना त्यांतून मिळत नाही. तीन-चार रंगांच्या हावरट डेकचा त्याने कोंडमारा होतो. बेसिक लँडवर चालणाऱ्या डेकला त्याची झळ फारशी लागत नाही.

हा प्रकार नियमाबाहेरचा आहे, असंही ऐकू येतं. तसं नाही. कुठलीही लँड फोडणाऱ्या 'स्ट्रिप माइन'वर लेगसी या खेळप्रकारात बंदी आहे आणि व्हिंटेज या प्रकारात त्याची एकच प्रत चालते. पण फक्त बेसिक नसलेली लँड फोडणारं 'वेस्टलँड' लेगसीत राजरोस खेळलं जातं. कमांडर या प्रकारात २०२५ साली आलेल्या, डेकच्या ताकदीचे गट पाडणाऱ्या ब्रॅकेट पद्धतीत खालच्या तीन ब्रॅकेटमध्ये सरसकट लँड उडवणं बसत नाही. चारचौघांत बसताना हे आधीच विचारून घ्यावं.

आणि उपायही आहेत. बेसिक लँड आधी शोधून घ्या, स्वस्त पानं जवळ ठेवा. समोर पांढरा डेक असेल, पटावर त्याचा तगडा प्राणी आणि चार लँड दिसत असतील, तर 'आर्मागेडन' येऊ शकतं हे धरून हातातली जास्तीची लँड मांडू नका.