रेडिओवरची सातवी ते बारावी : अफगाण मुलींच्या शाळेचं बिल कोण भरतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना होणारं इकडचं-तिकडचं काढून टाकलंय, मुद्दे तेच आहेत.

आजचा प्रश्न असा, की एखाद्या देशातली शाळा आणि बातम्या दुसऱ्या देशांच्या पैशावर चालतात तेव्हा नेमकं काय होतं? 'परदेशी फंडिंग' हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा शिवीसारखाच वापरतात. पण एक खरं उदाहरण घेऊन बघूया. अफगाणिस्तान.

आधी थोडी पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये आले. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या, तेव्हा सातवीपासून पुढच्या वर्गांना फक्त मुलांना बोलावलं. २३ मार्च २०२२ ला मुलींच्याही शाळा उघडणार असं जाहीर झालं. मुली दप्तर घेऊन आल्या आणि त्याच सकाळी त्यांना घरी पाठवलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारंही बंद झाली.

युनेस्कोने ऑगस्ट २०२४ मध्ये आकडा दिला. बंदीमुळे माध्यमिक शिक्षणाबाहेर राहिलेल्या मुली, किमान १४ लाख. आपल्याकडे महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला एका वर्षी साधारण पंधरा-सोळा लाख मुलंमुली बसतात. म्हणजे अंदाज करा.

त्याच काळात माध्यमांचं काय झालं? 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने २०२१ च्या शेवटी पाहणी केली. तालिबान आल्यापासून काही महिन्यांतच २३१ माध्यमसंस्था बंद पडल्या होत्या. दहातल्या चारांहून जास्त! सर्वाधिक फटका बसला तो महिला पत्रकारांना.

मग रेडिओ कुठून आला?

हमीदा अमान नावाच्या अफगाण-स्विस पत्रकार आहेत. त्यांनी ८ मार्च २०२१ ला, म्हणजे सत्ता बदलायच्या काही महिने आधी, काबूलमध्ये 'रेडिओ बेगम' सुरू केला. बायकांनी बायकांसाठी चालवलेला रेडिओ. आरोग्य, कायदा, मानसिक ताण, श्रोत्यांचे फोन असं त्याचं स्वरूप होतं.

मुलींच्या शाळा बंद झाल्यावर या रेडिओने शाळाच हवेत सोडली. सातवी ते बारावीचे धडे, दारी आणि पश्तो या दोन भाषांत. बंदी शाळेत जाण्यावर होती, घरात बसून रेडिओ ऐकण्यावर नव्हती. त्या फटीतून हे सगळं उभं राहिलं.

पुढे धड्यांच्या व्हिडिओंचा ऑनलाइन संग्रह तयार झाला. मार्च २०२४ मध्ये पॅरिसहून उपग्रहावर 'बेगम टीव्ही' सुरू झाला. बीबीसीनेही २०२३ मध्ये 'दर्स' नावाचा शैक्षणिक कार्यक्रम काढला. दर्स म्हणजे धडा. आपण 'मदरसा' म्हणतो तो शब्द याच मुळातला.

तुम्ही म्हणाल, रेडिओच कशाला, मोबाइल आहे ना? सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तालिबानने देशभरातलं इंटरनेट जवळजवळ दोन दिवस बंद ठेवलं. अ‍ॅप, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप सगळं ठप्प. सेलवर चालणारा छोटा रेडिओ मात्र अशा वेळीही धडा ऐकवू शकतो.

आता पैशाचं बोलू

स्टुडिओ, पगार, वीज हे सगळं फुकट होत नाही. अर्थव्यवस्था कोसळली की जाहिराती पहिल्यांदा जातात. त्यामुळे अशा माध्यमांना युनेस्को, युरोपियन युनियन यांच्या मदतीचा आधार लागतो. रेडिओ बेगमलाही युनेस्कोचं पाठबळ मिळालं.

पण हाच आधार गळ्याशीही येतो. ४ फेब्रुवारी २०२५ ला अधिकाऱ्यांनी रेडिओ बेगमवर छापा टाकला. कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, फोन उचलून नेले, दोन पुरुष कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतलं आणि प्रसारण थांबवलं. एक मोठा आरोप असा, की हे स्टेशन परदेशातल्या टीव्ही वाहिनीला कार्यक्रम पुरवतं. त्याच महिन्यात, २२ तारखेला, परवानगी परत मिळाली, पण नियम पाळायच्या हमीवर. म्हणजे ज्या परदेशी नात्यामुळे धडे जास्त मुलींपर्यंत पोचत होते, तेच नातं 'गुन्हा' म्हणून पुढे केलं गेलं. आणि त्याची किंमत पॅरिसमधल्यांनी नाही, काबूलमध्ये बसलेल्यांनी मोजली.

दुसरा धोका उलट्या बाजूने येतो. देणाऱ्याचं सरकार बदललं तर? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. ओमानमध्ये अमेरिकी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या ८० हून जास्त अफगाण तरुणींवर शिक्षण अर्धवट सोडून परत जायची वेळ आली. मार्चमध्ये १९४२ पासून चालू असलेल्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे बहुतेक कर्मचारी एका झटक्यात रजेवर पाठवले गेले. या संस्थेची दारी आणि पश्तो सेवा अफगाणिस्तानात ऐकली जायची. त्या मुलींनी काही केलं नव्हतं, त्या श्रोत्यांनीही नाही. निर्णय हजारो किलोमीटर लांब झाला.

मग मदत घ्यावी की नको?

माझं मत स्पष्ट आहे, घ्यावी. चौदा लाख मुलींना 'आधी स्वावलंबी व्हा, मग शिका' असं कोण सांगणार? पण मदत चांगली की वाईट हे 'परदेशी' या एका शब्दावरून ठरत नाही. मी चार प्रश्न विचारते.

एक, काय शिकवायचं आणि कुठली बातमी द्यायची हे कोण ठरवतं? तिथली माणसं की पैसे देणारा?
दोन, देणारा एकच आहे की बरेच? एक नळ बंद झाला तर दुसरा आहे का?
तीन, उद्या पैसा थांबला तर मागे काय उरतं? शिकलेल्या निवेदिका, रेकॉर्ड केलेले धडे, की फक्त फलक?
चार, धोका कोणाच्या डोक्यावर आहे आणि देणारा त्याची काही जबाबदारी घेतो का?

रेडिओ बेगम पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर भक्कम वाटतो. धडे देणाऱ्या, बोलणाऱ्या अफगाण बायका आहेत आणि रेकॉर्ड झालेला धडा पुन्हा लावता येतो. चौथ्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणाकडेच दिसलेलं नाही. शिवाय रेडिओवर बारावी ऐकली तरी सरकारी प्रमाणपत्र हातात पडत नाही, ही गोष्ट कुठलाही देणगीदार सोडवू शकलेला नाही.

पुण्यात बरीच वर्षं अफगाण विद्यार्थी शिकतायत. तुमच्या वर्गात किंवा ओळखीत कोणी असेल तर त्यांच्याशी जरूर बोला. बातम्यांत न येणारं बरंच काही कळेल. आणि 'परदेशी फंडिंग'वाला फॉरवर्ड पुढच्या वेळी आला, की पाठवणाऱ्याला या चारातला एक तरी प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवते. चला, भेटूया!