फोनवरचा डाव आणि समोरचा माणूस

आज फोनवरच्या खेळाबद्दल बोलू या. पैसे लावून खेळायचे खेळ मी बाजूला ठेवते, त्यांच्या बंदीचा कायदा केंद्राने 2025 मध्ये केलाच आहे. मला बोलायचंय बुद्धिबळाबद्दल. खेळ चांगला, डोक्याला खुराक देणारा. लीचेससारखं ॲप तर फुकट आहे, त्यात जाहिरातीही नाहीत.

पण समोरासमोर बसून खेळताना समोरच्याचं तोंड दिसतं. फोनवर नुसतं टोपणनाव दिसतं. त्या नावामागे परदेशातले एखादे आजोबा असतील, नाहीतर शेजारच्या तालुक्यातली सातवीतली मुलगी असेल. तोंड दिसत नाही म्हणून पोरं वाटेल तसं वागतात.

घड्याळाचंच घ्या. दहा मिनिटांचा डाव म्हणजे दोघांना प्रत्येकी दहा मिनिटं. वजीर गेला, हार दिसायला लागली आणि आपली सहा मिनिटं शिल्लक आहेत, की काही मुलं चालच करत नाहीत. फोन पालथा घालून जेवायला बसतात. तिकडे समोरचा सहा मिनिटं पटाकडे बघत बसलेला! असं वरचेवर केलं तर ॲप काही वेळ खेळूच देत नाही. खरं तर डाव सोडायला झेंड्याचं बटण असतं. ते दाबण्यात कमीपणा नाही, मोठमोठे खेळाडूही डाव सोडतात. नवशिक्यांनी मात्र शेवटपर्यंत खेळावं, मात कशी होते ते त्यातूनच कळतं. फक्त चाली करत राहावं.

यात घरच्यांचाही हात असतो बरं का. डाव ऐन रंगात आणि आपण ओरडतो, "ठेव तो फोन, पाणी भर आधी!" पोर उठतं, डाव अर्धवट राहतो. त्यापेक्षा "किती मिनिटं राहिली?" असं विचारावं. दहा मिनिटांचा डाव फार तर वीस मिनिटांत संपतो. त्यानंतर दुसरा डाव लावायचा नाही, हे आधीच ठरवून घ्यावं.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. संगणकाला विचारून चाली करणाऱ्यांचं खातं बंद होतं, हे मुलांना माहीत असतं. पण शेजारी बसून काका "घोडा घे, घोडा घे" म्हणतात, तीही फसवणूकच. समोरची मुलगी एकटी खेळतेय आणि इकडे दोन डोकी! काकांना सांगायचं, डाव संपल्यावर काय ते शिकवा.

आता शिवीगाळीचं. हरल्यावर लिहून शिव्या देणारे भेटतात. नाव मुलीचं दिसलं की काहींना जास्तच चेव येतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच दिव्याने 2024 च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिलं होतं, की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात. इतक्या वरच्या खेळाडूला हे ऐकावं लागतं, तर आपल्या पोरींचं काय! अशा वेळी मुलीचा फोन काढून घेऊ नका, ती शिक्षा तिलाच होते. उलट उत्तर द्यायचं नाही, त्या खेळाडूची तक्रार करायची आणि त्याला ब्लॉक करायचं. आणि आपला मुलगा दुसऱ्या कुणाच्या लेकीला तसं लिहीत नाही ना, तेही बघा. डाव संपल्यावर खेळाडू 'जीजी' लिहितात, म्हणजे 'गुड गेम', छान झाला डाव. हरल्यावरही तेवढं लिहायची सवय लावा.

लहान मुलांसाठी लीचेसच्या खात्याच्या सेटिंगमध्ये 'किड मोड' आहे. तो सुरू केला की अनोळखी लोकांचे निरोप आणि गप्पा बंद होतात, खेळ मात्र चालू राहतो. मुलाला शेजारी बसवून आज रात्रीच करून टाका.