जहाज मोडीत निघाले, धंदा नाही

वालचंद हिराचंद यांचे नाव आपल्या घराघरांत अभिमानाने घेतले जाते. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत स्वदेशी भांडवलाने उतरणारा सोलापूरचा हा जैन व्यापारी सभासमारंभांत नेहमी आठवला जातो. पण गौरवाच्या भाषणांत त्यांचे निर्णय झाकले जातात. आज ज्यांच्या हाती पेढीची किंवा कारखान्याची सूत्रे आहेत, त्यांना उपयोग आहे तो या निर्णयांचाच.

वडिलोपार्जित कापसाचा व्यापार आणि सावकारी सोडून वालचंदांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. या कामी त्यांनी भागीदार निवडला तो नात्यातला नव्हे, की भांडवलदारही नव्हे. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. ठेक्यांचे काम आतून कसे चालते, हे त्यांना ठाऊक होते. पैसा व पत एकाची, कामाची जाण दुसऱ्याची, आणि पेढीच्या नावात फाटकांचे नाव आधी! आपल्याकडे कर्तबगार मुनिमाला घरच्यासारखे वागवतात, सणासुदीला मानाने बोलावतात. भागीदारीच्या कागदावर मात्र त्याचे नाव सहसा येत नाही.

परंतु खरी कसोटी लागली ती समुद्रावर. पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतुकीवर ब्रिटिश कंपन्यांची घट्ट पकड होती. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विक्रीस निघाल्याचे कळताच वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्यासह ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनच्या दिशेने निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतरची हकीकत कमी सांगितली जाते. १८९० च्या सुमारास प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली आणि युद्धकाळात इस्पितळ म्हणून वापरलेली ही बोट व्यापारी हिशेबात बसेना. दोन-तीन वर्षांतच ती उभी करून ठेवावी लागली आणि १९२३ मध्ये मोडीत निघाली. ज्या बोटीवर एवढा गाजावाजा झाला, तिच्यावर आणखी पैसा ओतण्याचा मोह किती जणांना आवरला असता? भागीदारांनी बोट सोडली, धंदा सोडला नाही. मालवाहू जहाजे घेऊन ते किनाऱ्यावरच्या व्यापारात उतरले.

तेथे गाठ पडली लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीशी. या कंपनीने मालवाहतुकीचे दर भराभर खाली आणले. त्याहून धारदार हत्यार होते विलंबित परताव्याचे, आणि व्यापाऱ्याने समजून घ्यावे असे तेच आहे. ठरावीक मुदतीत सारा माल याच गटाच्या जहाजांतून पाठवला, तर भाड्याचा काही भाग परत मिळे. पण लगेच नव्हे. पुढची मुदतही एकनिष्ठ राहिलात, तरच मागची रक्कम हाती येई. म्हणजे व्यापाऱ्याचा स्वतःचाच पैसा कंपनीकडे ओलीस राही. एक खेप सिंदियाच्या जहाजातून पाठवली की साठलेला परतावा बुडालाच. वर्षअखेरीच्या उलाढालीवरील सवलतीपायी एकाच कंपनीचा माल ठेवणाऱ्या आजच्या वितरकांना हे गणित नवे वाटणार नाही.

इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याचीही तयारी दाखवली. नवी कंपनी, तोट्याचे दर, समोर बलाढ्य प्रतिस्पर्धी: विकून मोकळे होणे कोणीही शहाणपणाचेच म्हटले असते. भागीदारांनी नकार दिला. मात्र नुसत्या नकारावर जहाजे चालत नाहीत. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाला किनारी मालवाहतुकीत जागा मिळाली, पण ताफ्याच्या वाढीवर मर्यादा आली. हा करार वालचंदांना मनापासून रुचला नव्हता. कंपनीचे अध्यक्ष नरोत्तम मोरारजी यांना मात्र तो आवश्यक वाटला.

माझ्या मते वालचंदांच्या चरित्रातील सर्वांत शिकण्याजोगी जागा हीच आहे. मत पटले नाही म्हणून त्यांनी ना भागीदारी मोडली, ना वेगळी कंपनी काढली. करार पाळला गेला, आणि किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावा ही मागणीही चालूच राहिली. सिंदियाशी संबंधित साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये त्यासाठी केंद्रीय विधिमंडळात विधेयकही मांडले. बैठकीत हरलेला मुद्दा पेढी न फोडता दुसऱ्या वाटेने पुढे नेता येतो, हे भाऊबंदकीने पोखरलेल्या आपल्या कित्येक घराण्यांना उमगले असते तर वाटणीची निम्मी प्रकरणे कोर्टात गेलीच नसती.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे अपघाती निधन झाले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले. न आवडलेल्या कराराची उरलेली वर्षे आता त्यांनाच निभवायची होती.

पुढे सारेच त्यांच्या मनासारखे झाले असेही नाही. १९४० मध्ये बेंगळुरूला म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी विमानांचा कारखाना काढला. १९४२ मध्ये युद्धाच्या निकडीने सरकारने तो ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचे काम १९४१ मध्ये सुरू झाले, तेही युद्धाच्या सावटाखालीच. तेथे बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. मोडीत निघालेल्या ‘लॉयल्टी’ला तेव्हा पंचवीस वर्षे होत आली होती.